तिखट कान, तीस गिग

१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.१०
संकल्प: या महिन्यात तीस गिग, म्हणजे समोर बसून ऐकलेले गाण्याचे तीस कार्यक्रम. एकतीस दिवस, तीस गिग. एक दिवस आजारपणासाठी राखीव.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या मित्राने, डॉइल हुटोने, बावीस केले. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागलेले नाहीत. डॉइल जन्मभर नळ दुरुस्त करत आला, त्याच्या कानात अजून पाइपांचा खडखडाट आहे. त्याने बावीस ऐकले काय नि दोनशे ऐकले काय. माझं तसं नाही. मी विमा कंपनीसाठी छपरं तपासतो. गारपीट झाली की वर चढून नुसत्या टिचकीच्या आवाजावरून सांगतो, कुठे तडा गेलाय ते. असा तिखट कान नॅशव्हिलमध्ये दुसरा नसावा.

नियम ठरवले. फक्त अस्सल कंट्री संगीत, आणि हल्ली ज्याला अमेरिकाना म्हणतात ते. अमेरिकाना म्हणजे कंट्रीच, फक्त चष्मा लावलेलं. गावातल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारांत पाऊल टाकायचं नाही. तिथे लग्न ठरलेल्या पोरी गुलाबी हॅट घालून टेबलांवर नाचतात. गाणं चालू असताना बोलायचं नाही आणि दुसऱ्या कोणाला बोलू द्यायचं नाही.

नाश्त्याच्या वेळी रेंडाला संकल्प सांगितला. रेंडा माझी बायको, सत्तावीस वर्षं. शाळेच्या ग्रंथालयात काम करते. ती ग्रेव्ही वाढता वाढता म्हणाली, तीस कर नाहीतर चाळीस कर, पण एक संध्याकाळ माझ्यासाठी मोकळी ठेव. तारीख पण सांगितली. मी हं म्हटलं. तारीख तेवढी नंतर विचारून घ्यायला हवी.

२ ऑक्टोबर, मंगळवार
गिग १. सीड हाऊस. पूर्वी बियाण्याचं दुकान होतं, आता गाण्याचं. गोल बैठक होती. गाणी लिहिणारे चौघे मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात, आपण भोवती. पाळीपाळीने एकेक गाणं. गाण्याआधी ते कसं सुचलं, कोणामुळे सुचलं, हे सांगायची रीत आहे. मला गाण्यापेक्षा कधीकधी हेच जास्त आवडतं. माणसं कशी मन मोकळं करतात.

ऐकणाऱ्यांनी मात्र चिडीचूप राहायचं. दारावर मिस फ्रीडा असते. वय त्र्याहत्तर, हातात टॉर्च. कोणी कुजबुजलं की येऊन सरळ तोंडावर उजेड मारते. भले भले गार होतात. तिला या वयात धावपळ नको म्हणून मीच आज अकरा जणांना शूऽऽ केलं.

निघताना मिस फ्रीडा म्हणाली, मिस्टर स्ट्राउड, तुमच्या शूऽऽ पुढे आज गाणं ऐकू आलं नाही. तिच्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार
गिग ५. गॅलॅटिनला माजी सैनिकांच्या हॉलमध्ये. तळलेला मासा चांगला होता, फिडल बरं होतं. वादक मूळचा ओहायोचा निघाला, ते मला दुसऱ्याच सुरात कळलं होतं. (डॉइल म्हणतो, त्याच्या शर्टावरच लिहिलं होतं.)

७ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये प्रार्थनेला गिटार होती. गिग ६ धरला. डॉइलने हरकत घेतली. त्याला म्हटलं, तू देवाच्या घरच्या गाण्याला गाणं म्हणत नाहीस का? 

जेवताना रेंडा बराच वेळ काही सांगत होती. कॅली म्हणून कोणी बाई आहे, मंगळवारी-गुरुवारी शाळा सुटल्यावर आपल्याकडे येते, दोघी स्वयंपाकघरात बसून काहीतरी लिहितात. बहुधा शाळेच्या मदतीसाठी पाककृतींचं पुस्तक. मी हं म्हटलं. बायकोला काही छंद असला की बरं असतं, नाहीतर माणसं एकमेकांच्या अंगावर येतात.

९ ऑक्टोबर, मंगळवार
गिग ८. मेटल शेड बार, पूर्ण बँड. गाणारी कॅली प्रुइट, वय तिशीचं, केंटकीच्या डोंगरातली. आवाजाला धार आहे. हल्ली कॅली नावाच्या बायका फार झाल्यात.

आज एक विचित्र प्रकार घडला. इथे टेबलांवर नंबरांच्या पाट्या असतात. मी चार नंबरवर बसलो होतो, स्टेजच्या बाजूला. पहिल्याच गाण्यात कॅलीने हात कमरेमागे नेला आणि चार बोटं दाखवली. मी मागेपुढे पाहिलं. चार नंबरवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं, डॉइल मागे बारपाशी उभा होता. मी हॅट काढून मान लववली. लगेच तिने पाच बोटं दाखवली. म्हणजे पाच नंबरवर या. तिथे एक जोडपं बसलं होतं, पण मी खुर्ची ओढून घेतली. मग तिने एक बोट दाखवलं. एक नंबर अगदी स्टेजला खेटून. तिथे एक म्हातारी लाल तिखटातली कोंबडी खात होती. ती म्हणाली, हे टेबल बँडच्या घरच्यांचं आहे, माझा मुलगा बास गिटार वाजवतो. म्हटलं, मला वरून बोलावणं आहे. तेवढ्यात परत चार.

तिसऱ्या गाण्यानंतर वेटर निरोप घेऊन आला. बास वाजवणारा म्हणतो, साहेबांना सांगा एका जागी बसा, मला भोवळ येते.

डॉइलने घरी येताना सगळा रस्ता माझी अक्कल काढली. म्हणे ती बोटं बँडसाठी असतात. पुढचा कॉर्ड, म्हणजे स्वरमेळ, कोणता ते आकड्यात सांगायचं: एक, चार, पाच. या गावात शाळकरी पोरांना पण माहीत असतं. मला काय माहीत नाही? तिथले लोक कितपत जागे असतात, ते मी बघत होतो.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७.००
स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक चिमटा सापडला. लोखंडी, आतून रबर, स्प्रिंग दणकट. बटाट्याच्या चिप्सच्या पिशवीला लावला. हवा म्हणून आत जात नाही. असल्या बारीकसारीक वस्तू रेंडा कुठून आणते कोण जाणे. सिंकमध्ये कॉफीचे दोन कप होते, एकाला लिपस्टिक. रेंडा लिपस्टिक लावायला लागली वाटतं. माझ्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार
मोजदाद: गिग १३. डॉइलने वही तपासायला मागितली. त्याच्या मते यातले तीन बाद. एक, गिटारच्या दुकानात एक जण तारा लावून बघत होता तो. दोन, दंतवैद्याकडचा रेडिओ. तीन, मिसेस ओकलीच्या अंत्यविधीला बँजो होता तो. बँजोच्या बाबतीत मी मागे हटलो नाही. त्याने तीन गाणी वाजवली, आणि शेवटी टाळ्या वाजल्या. (टाळ्या मीच वाजवल्या, पण वाजल्या.)

दंतवैद्य सोडून दिला. गिग १२.

१६ ऑक्टोबर, मंगळवार
गिग १४. सीड हाऊस. 

कॅली प्रुइट पुन्हा. आज बँड नाही, गोल बैठकीत एकटी गिटार घेऊन. तिने एक नवीन गाणं म्हटलं. म्हणाली, हे माझं एकटीचं नाही, माझ्या एका मैत्रिणीबरोबर लिहिलंय, गोष्ट सगळी तिची आहे, ती एक दिवस स्वतः येऊन सांगेल. गाण्याचं नाव ‘हं’. मी जेवढं उतरवून घेतलं ते असं:

मी म्हटलं, तळघरात पाणी भरलंय गुडघाभर,
तो म्हणाला, हं.
मी म्हटलं, तुझा ट्रक देऊन टाकला पाद्रीबाबांना,
तो म्हणाला, हं.
साऱ्या गावाचं गाणं कान लावून ऐकतो,
माझ्या वाट्याला आपलं नुसतं हं.

लोक खो खो हसत होते. मला हसता येईना. डोळ्यांत पाणी आलं. कसा असेल हा माणूस! घरात बायको बोलते आहे आणि हा आपला ढिम्म. असे नवरे असतात म्हणूनच अशी गाणी होतात, तेवढाच काय तो त्यांचा उपयोग. गाण्यातला नवरा छपरांचं काम करतो, हे ऐकून मात्र बरं वाटलं. आमच्या धंद्यावर आजवर कोणी गाणं केलं नव्हतं.

एकच खोट. तिसऱ्या कडव्यात बायको सांगते, डॉक्टरांच्या हाताला माझ्या काखेत गाठ लागली. तरी तो म्हणतो, हं.  पण हे पटत नाही. कितीही मठ्ठ असला तरी कोणता नवरा गाठीला हं म्हणेल? लिहिणाऱ्यांचा तोल गेला.

नंतर कॅलीला गाठून स्पष्ट सांगितलं. पहिली दोन कडवी अस्सल, तिसरं बनावट. बदला. ती म्हणाली, तुमचं नाव काय सर? म्हटलं, व्हर्लिन स्ट्राउड. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, छपरं तपासता तेच? माझं नाव इथवर पोचलंय तर! मग ती म्हणाली, मैत्रिणीच्या कानावर घालते, तिचंच कडवं आहे ते.

१८ ऑक्टोबर, गुरुवार
गिग १६. ठीक.

आज संध्याकाळी निघण्यापूर्वी एक नवल झालं. रेंडाने आपणहून गाण्याचा विषय काढला. म्हणाली, ते गाठीचं कडवं तुला खोटं वाटतं म्हणे. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, कॅलीने. कॅली प्रुइटची कीर्ती शाळेच्या ग्रंथालयापर्यंत गेली म्हणायची.

मग ती म्हणाली, बरं, मग खरा माणूस काय करेल? सांग ना. मी मक्याचा ब्रेड खाता खाता सांगितलं. तो काटा खाली ठेवेल. एक शब्द बोलणार नाही. टेबलावरून हात पुढे करेल आणि तिचा हात धरेल. बस्स. कडवं तिथेच संपवायचं.

रेंडाने पाकीट उलटं करून त्यावर लिहून घेतलं: काटा खाली ठेवेल. हात धरेल. लिहिताना तिचा हात थांबला. म्हणाली, सुंदर आहे रे हे. मी म्हटलं, इतकी वर्षं ऐकतोय, थोडं तरी कळणारच. घड्याळ बघितलं तर सव्वापाच. तसाच पळालो.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या छंदात रस घेतला. माणसाने धीर सोडू नये.

२० ऑक्टोबर, शनिवार
गिग १८. डॉइल मला न्यायला घरी आला. चिप्स पुढे केल्या तर खायचं सोडून चिमटाच बघत बसला. म्हणाला, हा कॅपो आहे. गिटारच्या मानेला लावतात, सूर चढवायला. म्हटलं, मला ठाऊक आहे. आमच्याकडे चिप्सना लावतात. तो म्हणाला, पण तुमच्याकडे गिटार कुठे आहे? म्हटलं, म्हणूनच तर चिप्सना लावतात.

डॉइलने हात टेकले. नंतर गाडीत तो उगाच मान हलवत होता. वय होत चाललंय त्याचं.

२२ ऑक्टोबर, सोमवार
गिग २०. अँटिऑकमध्ये एका गॅरेजचं उद्घाटन. स्टील गिटार होती, पण टायर बदलायच्या मशीनखाली दबली.

कॅलेंडरवर २९ला रेंडाने लाल शाईत लिहिलंय: आर, सहा वाजता. आर म्हणजे रूफ असणार. हेंडरसनव्हिलच्या कोणाचं तरी छप्पर. माझी कामं ती लक्षात ठेवते. पण संध्याकाळी सहाला कोण छपरावर चढतं? त्या गिऱ्हाइकाला दुसरा दिवस द्यायला हवा.

२५ ऑक्टोबर, गुरुवार
गिग २४, दंतवैद्याची कसर भरून काढली. एका दिवसात दोन केले की पाठ धरते. काल दुपारचा तर मी खुर्चीतच डोळे मिटून ऐकला. शेजारची बाई म्हणाली, तुम्ही घोरत होता. मी तालात श्वास घेत होतो.

सीड हाऊसच्या दारावर २९ची पाटी लागली. संध्याकाळी सहा, गोल बैठक, कॅली प्रुइट आणि मंडळी. मंडळींची नावं बारीक अक्षरात होती, चष्मा गाडीत राहिला. मिस फ्रीडाला म्हटलं, माझी खुर्ची राखून ठेवा. ती म्हणाली, तुम्ही येणार? नक्की? म्हटलं, आभाळ कोसळलं तरी येणार. ती म्हणाली, चला, देव आहे म्हणायचा.

डॉइलनेही तेच विचारलं. एकोणतीसला येतोयस ना? म्हटलं, हे काय विचारणं झालं? तो म्हणाला, मला वाटलं तुला आठवण करून द्यावी लागेल. मला! गिगची आठवण!

२७ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.३०
रेंडाने रेडिओ बंद केला. समोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, व्हर्लिन, माझ्याकडे बघ. सोमवारी सहा वाजता तू मला तिथे हवा आहेस. महिनाभर सांगतेय. दुसरं काही मागत नाही.

या वेळी मी नीट ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. पण सोमवारी सहा म्हणजे कॅलीची बैठक. काय करणार? शब्द दिलेला. तिला समजावून सांगितलं की तू दुसरी कुठलीही संध्याकाळ माग. शाळेचा कार्यक्रम काय, परत होईल. हे गाणं मी त्याच्या जन्मापासून ऐकतोय, त्या दिवशी ती मैत्रीण स्वतः येऊन गोष्ट सांगणार आहे, तिसरं कडवंही सुधारलेलं असणार, ते सुद्धा माझ्या सल्ल्याने. असा योग पुन्हा नाही.

रेंडा म्हणाली, म्हणजे तू माझ्याकडे येऊ शकत नाहीस, कारण तुला सीड हाऊसला जायचंय. म्हटलं, हो. ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू थांबलं आणि पाणी तसंच येत राहिलं. मी पेपर नॅपकिन दिला.

शेवटी म्हणाली, जा बाबा, तू तुझ्या गिगला जा. उठून रेडिओ लावला.

समजूतदार आहे. दुसरी असती तर आकांडतांडव केलं असतं. परत येताना तिच्यासाठी बेकरीतला अक्रोडाचा केक आणायचा.

२८ ऑक्टोबर, रविवार
गिग २८. चर्च धरून. उद्या एकोणतीस, परवा तीस. डॉइलचे बावीस कधीच मागे पडले. तो अभिनंदनही करत नाही. माणसाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

रेंडा दिवसभर खोलीत काहीतरी पुटपुटत होती. दार लोटलेलं होतं. मी बाहेरून विचारलं, डोकं दुखतंय का? ती म्हणाली, पाठ करतेय. मी हं म्हटलं.

२९ ऑक्टोबर, सोमवार. रात्री ९.१५
जसं झालं तसं लिहितो.

पाचला घरी आलो तेव्हा रेंडा निघून गेलेली होती. मी कपडे केले, पावणेसहाला सीड हाऊसला पोचलो. मिस फ्रीडाने खुर्ची राखली होती, पण खांबामागे. म्हणाली, इथून बसून ऐका, बरं पडेल. मधे चार खुर्च्या. पहिलीत कॅली. दुसरीत एक दाढीवाला, तिसरीत त्याचा भाऊ. चौथीत निळ्या कार्डिगनमधली एक बाई पाठमोरी बसली होती. मला आधी वाटलं, ग्रंथालयातली कोणीतरी वाट चुकून मधे जाऊन बसली. मग ती वळली.

मी मोठ्याने म्हटलं, रेंडा?

तोंडावर टॉर्च पडला. मिस फ्रीडाचा. गेल्या नऊ वर्षांत माझ्यावर कधी पडला नव्हता. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, आणि उजेडामुळे मला एकही चेहरा दिसत नव्हता. कोणीतरी मला शूऽऽ केलं. बहुतेक डॉइलने.

पाळी आली तेव्हा कॅली म्हणाली, ही माझी मैत्रीण, रेंडा स्ट्राउड. आज पहिल्यांदा इथे बसलीय, हिच्यासाठी टाळ्या. टाळ्या झाल्या. रेंडाचे हात मांडीवर होते. तिला माइकपासून किती लांब बसायचं ते कळत नव्हतं. मला ते कळतं. मला सांगता आलं असतं.

ती म्हणाली, हे गाणं माझ्या नवऱ्याचं आहे. मी त्याला बोलावलं होतं, पण त्याला आज दुसऱ्या गिगला जायचं होतं. लोक हसले. ती पण हसली. म्हणाली, तो वाईट माणूस नाही हो. त्याने कधी आवाज चढवला नाही, कधी दुसऱ्या बाईत अडकला नाही. त्याला गाणी फार आवडतात. मला वाटलं, गाण्यात घालून सांगितलं तर ऐकेल. आणि बघा, ऐकलं त्याने. रडला म्हणे. मग कॅलीकडे जाऊन तक्रार केली की तिसरं कडवं खोटं आहे.

आता कोणी हसलं नाही.

ती म्हणाली, खरा माणूस काय करेल ते त्याने मला सांगितलं. तो काटा खाली ठेवेल आणि तिचा हात धरेल. मला ते इतकं आवडलं की मी चार दिवस तसं लिहून बघितलं. यमकात पण बसत होतं. पण काय करू, मी तिथे होते ना. गेल्या एप्रिलात, बुधवार होता. गाठ साधीच निघाली, तेव्हा कोणी काळजी करू नका. पण ते कळेपर्यंत सोळा दिवस गेले, आणि ते सोळा दिवस मी एकटीने काढले. म्हणून कडवं आहे तसंच ठेवलंय.

मग त्या दोघींनी गाणं म्हटलं. रेंडाचा आवाज खालचा आहे, थोडा फाटतो. मी तिला सत्तावीस वर्षांत गाताना ऐकलं नव्हतं. तिसऱ्या कडव्यात ‘हं’ म्हणायचं होतं तिथे ती माझ्यासारखं म्हणाली. अगदी माझ्यासारखं, नाकातून, तोंडात घास असल्यासारखं. मला बोलायचं होतं. उभं राहून काहीतरी बोलायचं होतं. पण गाणं चालू असताना बोलायचं नसतं.

घरी आल्यावर जुन्या वह्या काढल्या. एप्रिलमधले बुधवार चार. चारही संध्याकाळी मी कुठे होतो, कोण वाजवत होतं, किती गाणी झाली, सगळं लिहिलेलं आहे. एका बुधवारी डोब्रो गिटारच्या एका तारेबद्दल मी दीड पान लिहिलंय. गाठीचं अक्षर नाही. मला ती संध्याकाळ आठवत नाही. मी अर्धा तास डोळे मिटून बसलो. आठवत नाही. लाज वाटते.

नंतर मी रांगेत उभा राहिलो होतो, हे लिहायचं राहिलं. बैठक संपल्यावर लिहिणाऱ्यांना भेटायला लोक रांग लावतात, गाण्याच्या कागदावर सही घेतात. रेंडासमोर सर्वांत मोठी रांग. बहुतेक सगळ्या बायका. प्रत्येक बाई वाकून एकच सांगत होती, अगं, आमच्याकडे पण तेच. माझ्यापुढे अकरा जणी होत्या. प्रत्येक कलाकाराला मी काही ना काही सांगतोच, सूर कुठे हलला, कडवं कुठे लांबलं. आज अकरा जणी होईपर्यंत विचार केला, एक वाक्य जमलं नाही.

पाळी आली. रेंडाने मान वर केली.  मग पेन उचलून म्हणाली, नाव काय घालू?

मी सांगितलं.

तिने लिहिलं, व्हर्लिन, आल्याबद्दल आभार. पुढच्या बाईच्या कागदावर पण तेच लिहिलं होतं, मी बघितलं.

३० ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ६.२०
आज गेलो नाही. डॉइलचा फोन आला, म्हणाला, अरे एकच राहिला, तीस पुरे कर. म्हटलं, नको. तो म्हणाला, बरा आहेस ना?

संकल्प: यापुढे घरी ऐकायचं. आज सकाळपासून सुरुवात केली. रेंडा म्हणाली, दूध संपलंय. मी काटा खाली ठेवला. हात पुढे केला. ती म्हणाली, दूध आण म्हटलं, हात काय धरतोस.

आणलं. दुपारी लवकर घरी आलो. घेवडा शिजवला, मक्याचा ब्रेड भाजला, दोन ताटं मांडली. सहाला रेंडा कार्डिगन घालून, वही घेऊन बाहेर आली. चिप्सच्या पिशवीचा चिमटा काढून पर्समध्ये टाकला. म्हणाली, माझं जेवण झाकून ठेव, आजपासून मंगळवार-गुरुवार मी कॅलीकडे जाणार, नवीन गाणं सुरू केलंय.

मी नीट ऐकलं होतं. सगळं. खुर्चीवरून उठलो. मनात आलं की नवं गाणं कालच्या पुढचं असणार, माणूस सुधारतो वगैरे. कडवी सुचायलाही लागली होती. तिला म्हटलं, काही मदत लागली तर मी आहे. नव्या गाण्यात मी काय करतो?

ती दारात थांबली. किल्ल्या शोधल्या. म्हणाली, हे तुझ्यावर नाही, व्हर्लिन.